माणसांची तस्करी चौकात कशी दाखवायची?

कोलकात्याच्या छायाचित्रकार लीना केजरीवाल यांनी २०१४ साली लोखंडी पत्र्यातून मुलीची मोठी आकृती कापून घेतली, तिला काळा रंग दिला आणि ती उघड्या आभाळासमोर उभी केली. चेहरा नाही, डोळे नाहीत, कपड्यांवरची नक्षी नाही, नुसती बाह्यरेषा. लांबून पाहणाऱ्याला आभाळालाच मुलीच्या आकाराचं भोक पडल्यासारखं वाटतं. ‘मिसिंग’ हे या उपक्रमाचं नाव. दिल्लीच्या इंडिया आर्ट फेअरमध्ये तो लोकांसमोर आला आणि पुढे तीच आकृती स्टेन्सिलने वेगवेगळ्या शहरांतल्या भिंतींवर उमटू लागली. २०१६ मध्ये त्यावर मोबाइलवरचा खेळही निघाला. त्यात खेळणाऱ्याला विकल्या गेलेल्या मुलीच्या जागी ठेवलं आहे. कोणावर विश्वास ठेवायचा, कधी पळायचं, कोणाशी बोलायचं, हे त्याने ठरवायचं.

बसस्टॉपमागच्या भिंतीवर अशी काळी मुलगी दिसली म्हणून तस्करी थांबते का? लगेच तर नाहीच. तरीही गेली सव्वादोनशेहून अधिक वर्षं लोक चित्रं, पदकं, नाटकं, मोर्चे घेऊन या गुन्ह्याविरुद्ध रस्त्यावर येत आहेत. त्यातल्या काही गोष्टींनी खरोखर फरक पडला, काहींनी नुसती हळहळ निर्माण केली आणि काहींनी ज्यांच्यासाठी आवाज उठवला त्यांनाच त्रास झाला. हा फरक कशाने पडतो हे कळायचं असेल, तर आधी तस्करी कशी चालते ते नीट पाहावं लागतं.

कायदा तस्करी कशाला म्हणतो

आपल्या डोळ्यांसमोर येणारं चित्र ठरलेलं असतं. काळी गाडी, तोंडावर दाबलेला रुमाल, हातापायांना दोर, अंधारी खोली. असं घडतही असेल, पण बहुतेक वेळा सुरुवात अगदी साधी असते. गावातल्याच ओळखीच्या बाईने सांगितलेलं घरकाम, मामाच्या मित्राने आणलेलं स्थळ, व्हॉट्सॲपवर आलेली डेटा एन्ट्रीची नोकरी, मुकादमाने हातावर ठेवलेले पैसे. माणूस स्वतःच्या पायांनी, कित्येकदा आनंदाने घराबाहेर पडतो.

संयुक्त राष्ट्रांनी २००० साली केलेल्या करारात, म्हणजे ज्याला पालेर्मो प्रोटोकॉल म्हणतात त्यात, तस्करीचे तीन भाग सांगितले आहेत. पहिला भाग कृतीचा: माणसाला भरती करणं, नेणं, ठेवून घेणं, दुसऱ्याच्या ताब्यात देणं. दुसरा मार्गाचा: धाक, जबरदस्ती, फसवणूक, पळवून नेणं, समोरच्याच्या अडचणीचा किंवा आपल्या अधिकाराचा गैरफायदा घेणं, ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याला पैसे चारणं. तिसरा हेतूचा: शोषण. मोठ्या माणसाच्या बाबतीत हे तिन्ही भाग जुळावे लागतात. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत मार्ग पाहायचीच गरज नाही. मूल शोषणासाठी नेलं एवढं पुरतं, मग ते हसत गेलं असो की आईबापांनी स्वतः पाठवलेलं असो.

भारताने हा करार २०११ मध्ये मान्य केला. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीच्या शिफारशींवरून २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेचं कलम ३७० नव्याने लिहिलं गेलं आणि तस्करीची व्याख्या आपल्या फौजदारी कायद्यात आली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे, आणि भीक मागायला लावणं हेही आता शोषणात धरलं आहे. शिक्षा किमान सात वर्षांची, मूल असेल तर किमान दहा वर्षांची आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. याच कलमात एक वाक्य आहे जे प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं: तस्करी झालेल्या व्यक्तीची संमती होती की नाही, याने गुन्हा ठरण्यात काही फरक पडत नाही. ‘ती स्वतःच गेली होती’ हे गावात, पोलीस ठाण्यात, कधी कधी घरातही ऐकू येणारं वाक्य कायद्याने निकामी केलेलं आहे.

आणखी एक गैरसमज आकड्यांनी दूर होतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ सालासाठीच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या श्रमात अडकलेली होती. त्यातली सुमारे ६३ लाख सक्तीच्या देहव्यापारात होती. म्हणजे चारांत एकाहून कमी. उरलेल्यांतली बहुतेक शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर, मासेमारीच्या बोटींवर, कारखान्यांत, परक्यांच्या स्वयंपाकघरात होती. पोस्टरवर मात्र जवळपास नेहमी एक घाबरलेली तरुण मुलगी असते. तिचं दुःख खरं आहे, पण ते एकच चित्र पाहत राहिल्याने बाकीचे लोक आपल्या नजरेतूनच सुटतात.

एका जहाजाचा नकाशा

या निषेधाचा इतिहास सांगायचा तर १७८७ च्या लंडनपासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी मे महिन्यात बारा माणसांनी एका छापखान्यात बसून गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन केली. त्या काळी ब्रिटनमध्ये हा व्यापार कायदेशीर होता, प्रतिष्ठित होता आणि सामान्य माणसाला दिसत नव्हता. गुलाम आफ्रिकेत पकडले जात, अटलांटिकपलीकडे कॅरिबियन बेटांवर विकले जात. लंडनच्या घरात फक्त त्यांनी पिकवलेली साखर पोहोचायची.

समितीतला थॉमस क्लार्कसन हा तरुण बंदराबंदरांत फिरला. खलाशांना भेटला, जहाजांची मापं घेतली, लिव्हरपूलच्या दुकानात उघड विकायला ठेवलेल्या हातकड्या आणि अंगठे चिरडायचे स्क्रू त्याने विकत घेतले. मग एक लाकडी पेटी तयार केली. तिच्यात ही लोखंडी हत्यारं होतीच, पण आफ्रिकेत विणलेलं कापड, हस्तिदंत, मसाले, लाकडाचे नमुनेही होते. सभेत तो पेटी उघडायचा आणि लोकांपुढे दोन्ही ठेवायचा: तिथली माणसं काय घडवतात, आणि आपण त्यांच्याशी काय करतो. पीडिताला नुसतं केविलवाणं दाखवण्यापेक्षा तो कारागीर आहे हेही दाखवायचं, हे त्याला तेव्हाच उमगलं होतं. आजच्या कितीतरी पोस्टरकर्त्यांना ते अजून उमगलेलं नाही.

पण खरा धक्का दिला तो एका आराखड्याने. लिव्हरपूलचं ‘ब्रुक्स’ नावाचं जहाज होतं. १७८८ च्या अखेरीस प्लिमथमधल्या समितीने त्याचा आडवा छेद छापला आणि १७८९ मध्ये लंडनच्या समितीने तो वाढवून हजारोंच्या संख्येने वाटला. जहाजाच्या पोटात माणसं मांडलेली आहेत, एकाला एक चिकटून, बोट शिरायला जागा न ठेवता. सोबत मापं दिलेली: पुरुषाला सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद जागा, मुलीला साडेचार फूट लांब आणि एक फूट रुंद. नव्या नियमाप्रमाणे या जहाजाला ४५४ माणसं न्यायची परवानगी होती, आणि त्याआधीच्या एका फेरीत ६०९ नेली होती हेही कागदावर लिहिलेलं होतं.

या चित्रात रक्त नाही, चाबूक नाही, रडणारा चेहरा नाही. जहाज बांधणाऱ्याच्या कागदासारखा कोरडा नकाशा आहे. तरी तो घराघरांत, खानावळींच्या भिंतींवर लागला, कारण त्याने दुःखाचं वर्णन करण्याऐवजी धंद्याची रचना उघडी केली. इतकी माणसं, इतकी जागा, इतका नफा. पाहणारा मनातल्या मनात सोळा इंच मोजून बघायचा आणि बाकीचं त्याला कोणी सांगावं लागायचं नाही. खासदार विल्यम विल्बरफोर्स यांनी तर याच जहाजाची लाकडी प्रतिकृती संसदेत दाखवली.

एप्रिल १७९१ मध्ये संसदेने हा व्यापार बंद करण्याचं विधेयक फेटाळलं. तेव्हा लोकांनी दुसरा मार्ग काढला: साखर सोडली. क्लार्कसनच्या अंदाजाने तीन लाखांच्या आसपास लोकांनी वेस्ट इंडिजची साखर खाणं बंद केलं. यात पुढाकार बायकांचा होता. त्यांना मत देण्याचा हक्क नव्हता, पण चहात काय घालायचं ते त्यांच्या हातात होतं. पुढे १८२० च्या दशकात साखरेची अशी भांडी निघाली ज्यांवर लिहिलेलं असे की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी पिकवलेली नाही. पाहुण्यासमोर ते भांडं ठेवणं हीच घोषणा. गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद झाला आणि ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये आला. त्यामागे गुलामांचे स्वतःचे उठाव होते, अर्थकारण होतं, संसदेतली गणितं होती. नुसत्या चित्राने ते झालं असं कोणी म्हणू नये. पण तो प्रश्न लोकांच्या जेवणाच्या टेबलापर्यंत नेला तो या चित्राने आणि या भांड्याने.

ब्रुक्सच्या चित्रातली एक उणीव मात्र सांगायलाच हवी. त्यातली सगळी माणसं एकसारखी आहेत, मुकी आहेत, पडून आहेत. त्याच वर्षी, १७८९ मध्ये, ओलाउडा इक्वियानो याने आपलं आत्मचरित्र छापलं. तो स्वतः गुलाम होता आणि स्वतःच्या कमाईतून पैसे भरून त्याने १७६६ मध्ये सुटका मिळवली होती. तो इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड फिरला, सभांत बोलला, स्वतः पुस्तक विकलं. चित्राने लोकांना आकडा दिला आणि इक्वियानोने त्या आकड्यातला एक माणूस समोर उभा केला. आजही रस्त्यावर उतरताना हे दोन्ही लागतं.

सात कंटेनर

सप्टेंबर २००७ मध्ये लंडनच्या ट्राफल्गार चौकात मालवाहतुकीचे सात कंटेनर एकापुढे एक लावून ठेवले होते. मोल्दोवातून नोकरीच्या आशेने निघालेल्या आणि लंडनमधल्या मसाज पार्लरमध्ये विकल्या गेलेल्या एका स्त्रीची ती कथा होती. तिचं खरं नाव लपवून एलेना ठेवलं होतं. अभिनेत्री एमा थॉम्पसन आणि छळातून वाचलेल्यांवर उपचार करणारं हेलन बॅम्बर फाउंडेशन यांनी हे उभं केलं. लोक एका टोकाने शिरायचे. आधी तिच्या आशा, मग प्रवास, मग ती कळकट खोली आणि पलंग. खोलीत उभं राहायला जेमतेम जागा, त्यामुळे ‘लांबून बघू’ ही सोयच नाही. पुढचा एक कंटेनर गिऱ्हाइकावर होता. शेवटी कलंक, आणि त्यातून पुन्हा उभं राहणं. पुढे हे प्रदर्शन व्हिएन्नाला आणि २००९ मध्ये न्यूयॉर्कलाही गेलं.

गिऱ्हाइकासाठी वेगळा कंटेनर ठेवणं ही मला यातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. तस्करीवरच्या बहुतेक देखाव्यांत दोनच पात्रं असतात, दुष्ट दलाल आणि बिचारी मुलगी. पैसे देणारा तिसरा माणूस, ज्याच्यामुळे हा सगळा व्यवहार चालतो, तो चित्रात नसतोच. आणि थॉम्पसन यांनी स्वतः सांगितलेली एक गोष्ट आहे: ज्या पार्लरमध्ये एलेनाला ठेवलं होतं, ते त्यांच्या नेहमीच्या वाटेवरचं होतं. त्या दारावरून त्या कितीदा गेल्या होत्या.

याउलट अलीकडे जगभर लोकप्रिय झालेला प्रकार म्हणजे मूकमोर्चा. काळे कपडे, एकामागे एक रांग, तोंडावर पट्टी. भारतातल्या शहरांतही असे मोर्चे निघतात. शिस्त असते, फोटो चांगले येतात, नव्या मुलांना सहभागी होता येतं. मला त्यातली तोंडावरची पट्टी पटत नाही. ज्यांची तस्करी झाली त्यांना आवाज नाही असं ती पट्टी म्हणते, आणि ते खरं नाही. ते बोलतात. ऐकायला कोणी थांबत नाही, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईतून परतलेल्या मुली

याचा पुरावा मुंबईशीच जोडलेला आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये कामाठीपुरा आणि आसपासच्या वस्त्यांवर पोलिसांनी मोठ्या धाडी घातल्या. शेकडो मुली-बायकांना ताब्यात घेतलं. त्यांत नेपाळच्या खूप होत्या. त्यांना मुंबईतल्या निवारागृहांत महिनोन् महिने ठेवलं गेलं, कारण त्यांना परत घ्यायला नेपाळ सरकार तयार होईना. एचआयव्ही घेऊन येतील, समाजात कशा मिसळतील, अशी तिकडे चर्चा. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन त्यांतल्या सव्वाशेहून अधिक मुलींना काठमांडूला नेलं.

त्यांतल्याच पंधरा जणींनी त्याच वर्षी शक्ती समूह नावाची संघटना सुरू केली. तस्करीतून सुटलेल्यांनी स्वतः चालवलेली ही जगातली पहिली संघटना मानली जाते. नोंदणी करायलाही त्यांना वर्षं लागली, कारण कित्येकींकडे नागरिकत्वाचा कागदच नव्हता. २००० मध्ये ती झाली आणि २०१३ मध्ये संघटनेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावात जाऊन ‘मला असं नेलं, असं फसवलं, नेणारा आपल्याच ओळखीचा होता’ हे जेव्हा परतलेली बाई स्वतःच्या तोंडाने सांगते, तेव्हा ते ऐकणाऱ्या आयांना तो दलाल कोणाच्या रूपात येतो हे नेमकं कळतं. शहरातून आलेल्या कोणत्याही कलाकाराला ते तितकं नेमकं सांगता येणार नाही.

मात्र ‘तुमची गोष्ट सांगा’ म्हणून कोणालाही मंचावर ओढायचा हक्क आपल्याला नाही. तिला सांगायची असेल तेव्हा, हवी तेवढी, हव्या त्या नावाने. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं भारतात गुन्हा आहे, आणि मुलांच्या बाबतीत पोक्सो कायदा त्याहून कडक आहे. धाडीतून सोडवलेल्या मुलींचे चेहरे ओढणीने झाकलेले फोटो आपल्याकडे सर्रास छापले जातात. शेजारपाजारच्यांना ओढणी आणि चप्पल पाहूनही माणूस ओळखता येतो.

महाराष्ट्रात यावर एक परखड आवाज सांगलीतून आला. संग्राम आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद या संघटना वर्षानुवर्षं सांगत आहेत की देहविक्री करणारी प्रत्येक बाई तस्करीची बळी नसते. सज्ञान बाई स्वतः ठरवून हे काम करत असेल, तर तिला ‘सोडवून’ सुधारगृहात डांबणं हा तिच्यावर अन्याय आहे. आमची सुटका करायला निघालेल्यांपासूनच आम्हाला वाचवा, अशी त्यांची मागणी आहे. याला विरोध करणारेही प्रामाणिक आहेत: गरिबीत घेतलेल्या निर्णयाला निवड म्हणायचं का, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं की स्वेच्छेने हे काम करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना पोलिसांनी त्रास देऊ नये, त्यांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे. तेव्हा पथनाट्यात ‘वस्ती उठवा, बायकांना बाहेर काढा’ अशी घोषणा देण्याआधी त्याच वस्तीतल्या बायकांना विचारलं पाहिजे. अल्पवयीन मुलगी आणली गेली की ते सर्वांत आधी त्यांनाच कळतं.

आपल्या अंगणातली तस्करी

आता महाराष्ट्रात रस्त्यावर उतरायचं तर काय दाखवायचं? माझ्या मते, बेड्या सोडून कर्ज दाखवायला हवं.

दसऱ्याच्या आधी मराठवाड्यात मुकादम ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाटतात. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. उचल घेतली की टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जायचं, पाच-सहा महिने फडात राहायचं, टनावर काम करायचं आणि त्यातून उचल फेडायची. लाखो लोक असे जातात. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी असं म्हणणं चूक आहे. पुष्कळ जण व्यवहार म्हणून ती घेतात, फेडतात आणि पुढच्या वर्षी दुसरा मुकादम बघतात. मुकादमांचेही पैसे बुडतात. पण हिशेब कधी दाखवलाच नाही, फिटली नाही म्हणून माणूस अडवून ठेवला, मारलं, बायको किंवा पोर ओलीस ठेवलं, दुसरीकडे काम करायची मनाई केली, की तो व्यवहार राहत नाही. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि या कामासाठी फसवून नेलं असेल तर तस्करीचं कलमही लागू शकतं.

पालघर, ठाणे, रायगडच्या कातकरी वस्त्यांत हाच खेळ बयाण्याने चालतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा वीटभट्टीवाला किंवा कोळसाभट्टीवाला काही हजार देतो आणि पुढचा सगळा हंगाम त्याचा होतो. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून या भागातल्या वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढे दिले. तरीही २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात उघडकीला आलं की कातकरी वस्तीतली लहान मुलं थोडे पैसे आणि एखादं मेंढरू देऊन मेंढ्या वळायला नेली होती. एका लहान मुलीचा जीव गेला तेव्हा कुठे ते बाहेर आलं. तिच्यासाठी कोणत्याही भिंतीवर काळी आकृती उमटलेली नव्हती.

आणि फसणारे नेहमी अडाणी, गरीब असतात हाही समज सोडायला हवा. गेल्या काही वर्षांत इंग्रजी येणारी, संगणक येणारी मुलं थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली म्यानमार आणि कंबोडियातल्या कुंपणबंद संकुलांत नेली गेली. पासपोर्ट काढून घ्यायचा आणि दिवसभर लोकांना ऑनलाइन फसवायला लावायचं. नकार दिला तर मारहाण. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या सीमेवरून पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं. ज्याचा फोन आला म्हणून आपण शिव्या देतो, तो फोन करणारा कदाचित स्वतः ओलीस असतो.

आकृतीखाली काय लिहायचं

चित्र पाहून पोटात कालवाकालव झालेल्या माणसाला पुढच्या मिनिटात करता येईल असं काहीतरी हातात द्यावं लागतं. नाहीतर तो हळहळतो आणि बस पकडतो. इंग्लंडातल्या बाईला ते साखरेच्या रूपाने मिळालं होतं. आपल्या पोस्टरवर पुष्कळदा फक्त ‘मानवी तस्करी थांबवा’ असतं. कोणी, कशी, हे नाही.

मग काय लिहावं? मूल अडचणीत दिसलं तर १०९८, कोणीही धोक्यात असेल तर ११२. मूल हरवलं तर पोलीस ठाण्यात नुसती ‘मिसिंग’ची नोंद करून परत येऊ नका, गुन्हा नोंदवायला सांगा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच तसं बजावलं आहे, आणि चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्षाकडे जायला हवा. परदेशातल्या नोकरीसाठी एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर दिसतं, आणि नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर याहून जास्त घेता येत नाही. हा एक आकडा एसटी स्टँडवर मोठ्या अक्षरांत रंगवला तरी कित्येकांना दोन लाख देण्याआधी थबकायला होईल.

जागा आणि वेळही विचार करून निवडायला हवी. ३० जुलै हा तस्करीविरोधी जागतिक दिवस आहे, त्या दिवशी मॉलसमोर कार्यक्रम होतात आणि ते वाईट नाहीत. पण ज्याला कळायला हवं तो तिथे नसतो. ऊसतोडीसाठी पथनाट्य करायचं तर ते बीड, पाथर्डी, माजलगावच्या आठवडी बाजारात, उचल वाटली जाते त्या दिवसांत करायला हवं. आपल्याकडे ढोलकी आहे, गोंधळ आहे, पोवाडा आहे. पाच माणसं चौकात उभी राहिली की गर्दी जमते. नाटकात मुकादम राक्षस दाखवू नये. तो गोड बोलतो, मुलाच्या तापाची चौकशी करतो, पैसे मोजून देतो, असाच दाखवावा, कारण तो तसाच येतो. हिशेबाची वही नाटकातलं मुख्य पात्र व्हावी: किती घेतले, किती टन तोडला, काय दराने, खाडे किती धरले. प्रेक्षकांतल्या एखाद्या बाईला बोलावून तिच्याकडूनच बेरीज करून घ्यावी.

आणि मग तिथेच, मोठ्या आवाजात, कायदा काय म्हणतो ते सांगावं. वेठबिगारी सिद्ध झाली की ते कर्ज कायद्याने संपतं, एक रुपयाही फेडायचा नसतो. तक्रार प्रांताकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची. मुक्तीचा दाखला लेखी मागून घ्यायचा, कारण पुनर्वसनाची रक्कम त्याच कागदावर मिळते. ती पुरुषाला एक लाख, स्त्री आणि मुलांना दोन लाख, आणि अत्यंत गंभीर शोषणात तीन लाखांपर्यंत आहे, आणि पूर्ण रक्कम बहुधा खटल्याच्या निकालावर अडते, म्हणून तातडीची मदत वेगळी मागायची. हे सगळं चार ओळींच्या पदात बसवता येतं, आणि बाजारातून घरी जाताना बायका ते गुणगुणत गेल्या तर उचल घेताना मुकादमाला पहिला प्रश्न त्याच विचारतील: हिशेब कागदावर देणार का?